मिकीच्या गावात जेवायचं कुठे?

अमेरिकेत लेकीकडे किंवा लेकाकडे राहायला आलेले आई-बाबा आणि सोबत नातवंडं, अशी सहल निघाली की ती हमखास ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाते. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं सगळं कित्येक महिने आधी ठरतं. जेवणाचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’. मग दुपारी दीड वाजता, 33 अंशांच्या उन्हात आजी भिंतीला टेकून उभ्या असतात, नातू रडकुंडीला आलेला असतो आणि लेक फोनमध्ये डोकं घालून टेबल शोधत असते. हे दृश्य पाहिलं की जीव तुटतो, कारण ते सहज टाळता येतं. घोळ होतो तो काही पक्क्या समजुतींमुळे.

सगळ्यांत पक्की समजूत म्हणजे घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सनी ती अंगवळणी पाडली आहे. डिस्ने वर्ल्डच्या चारही थीम पार्कांत आपल्यापुरतं खाणं आणि दारू सोडून इतर पेयं खुशाल नेता येतात. काचेच्या बाटल्या-बरण्या चालत नाहीत, सुटा बर्फ चालत नाही आणि पदार्थ गरम करावा लागेल असा नसावा. या अटी वाचल्या की मला दशमीच आठवते. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, आत शेंगदाण्याची कोरडी चटणी पसरून घट्ट गुंडाळी, वर बटरपेपर. दुपारपर्यंत मऊ राहते, हात बरबटत नाहीत, रांगेत उभ्यानं खाता येते. दहीभात आणि ओल्या नारळाची चटणी मात्र नको, त्या उन्हात आंबणारच. पाणीही विकत घ्यायची गरज नाही. जिथे मशीनमधली शीतपेयं मिळतात, त्या काउंटरवर गार पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात.

‘एवढे पैसे भरून आलोय, जेवायला तासभर बसण्यात वेळ कशाला घालवायचा?’ हा प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या तरुण माणसाचा असतो. माझं मत अगदी उलट आहे. आपल्याकडचे आई-बाबा बहुधा नातवंडांच्या सुट्टीत, जून ते ऑगस्टमध्ये तिथे जातात. त्या दिवसांत फ्लोरिडात दुपारी ढग भरून येतात आणि विजांसह पाऊस कोसळतो. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. म्हणजे दोन ते साडेतीनची वेळ तशीही हातातून जाणार असते. तेवढा वेळ एसीत, पाठ टेकायला खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह असेल, तर सत्तरीतला माणूस रात्रीच्या आतषबाजीपर्यंत आनंदात टिकतो. तोवर भूक धरवणार नाही, म्हणून अकराला दशम्या. अमेरिकनांची बारा ते दीडची गर्दीही आपसूक टळते.

बुकिंगचीही अशीच धास्ती असते. टेबलं साधारण 60 दिवस आधी उघडतात आणि मॅजिक किंगडम पार्कच्या किल्ल्यातल्या सिंड्रेलाज रॉयल टेबलसारखी ठिकाणं लवकर भरतात, हे खरं. पण ‘नाही मिळालं, संपलं’ हे खरं नाही. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत दंडाशिवाय रद्द करता येतं, न कळवता गैरहजर राहिलं तर बऱ्याच ठिकाणी माणशी 10 डॉलर कापतात. त्यामुळे आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी टेबलं सुटत राहतात. डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये पुन्हा पुन्हा पाहत राहायचं. काउंटरवरच्या जेवणाला तर बुकिंगच नको. अ‍ॅपवर ऑर्डर द्यायची, पोचल्यावर तसं कळवायचं, तयार झालं की उचलायचं. टेबलावर जेवलात तर बिल नीट वाचा. सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के टिप आधीच लावलेली असते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं मिळून बरोबर सहाच होतात, आणि कितीतरी घरं दुसऱ्यांदा टिप देऊन येतात.

आता शाकाहाराचं. फ्राइज आणि पिझ्झावर दिवस काढायचे दिवस गेले. 2019पासून मेनूवर हिरव्या पानाची खूण दिसते. त्या पदार्थात मांस नसतंच, शिवाय दूध, अंडं, मधही नसतो. अंडं न खाणाऱ्यांनी हीच खूण धरावी, कारण अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं सर्रास चालतं. कांदा-लसणाबद्दल मात्र ते पान काहीच सांगत नाही, ते विचारावंच लागतं. खूण नसेल तर आणखी दोन प्रश्न विचारा: भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलाय का, आणि बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का? विचारताना संकोच नको, तिथल्या लोकांना या प्रश्नांची सवय आहे. अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातूली कँटीनमध्ये टोफूचा बोल मिळतो. मॅजिक किंगडममधल्या अलोहा आयलमध्ये अननसाचं डोल व्हिप मिळतं. दिसायला आइस्क्रीम, पण त्यात दूध नाही.

आणि चांगलं जेवण पार्कच्या आतच मिळतं, असंही नाही. डिस्नेच्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटना पार्कचं तिकीट लागत नाही, तिथे मुक्काम नसला तरी जाता येतं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी स्वयंपाक, पण भारतीय वळणाचा: गरम नान आणि त्याबरोबर चटण्या, लोणचं, रायतं यांच्या छोट्या वाट्या. मोठ्या खिडक्यांबाहेर गवताळ रान आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे चरत असतात. पार्क नसलेल्या दिवसाची संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, त्यामुळे सातचं टेबल घेतलं तरी उजेड पुरतो. खिडकीजवळचं मागा, आणि खिडकीकडे तोंड असलेली खुर्ची आजींना द्या.