पेसाहच्या आधी घर गाठायचं होतं



शब्बाथच्या तफिलेनंतर चहाच्या टेबलावर आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात: "तुमचा तो भला मोठा ट्रेलर इंडियानाहून न्यू जर्सीला आणलात कसा? आणि ह्या वयात?" आपल्यातली दोन-तीन कुटुंबं आता तशाच खरेदीच्या विचारात आहेत असं कानावर आलं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. आमची जी चूक होता होता राहिली तीही लिहितो, कारण उपयोग झाला तर तिचाच होईल.

आम्ही दोघं मुंबईचे. शाळा माझगावला, नर्सिंगचं शिक्षणही मुंबईतच, आणि १९७६ पासून न्यू जर्सीत. आमचे हे कारखान्यात मशिनिस्ट होते. आम्ही पस्तीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. रिटायर झाल्यावर हा देश बघायचा असं ठरलं होतं. पण प्रवासात खाण्याची पंचाईत. हॉटेलातलं आम्हाला चालत नाही, आणि मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, हे सगळं सूटकेसमध्ये किती दिवस भरणार? म्हणून चाकांवरचं स्वयंपाकघर घ्यायचं ठरवलं.

आधी छोटा घेणार होतो. मग नातवंडांना झोपायला जागा हवी, मग न्हाणीघर हवं, असं करत करत ट्रेलर ३३ फुटांवर गेला. इसराएलमधल्या वाचकांसाठी सांगायचं तर दहा मीटर. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव ह्या धंद्याचं माहेरघर आहे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच भागात तयार होतात, त्यांचं एक म्युझियमसुद्धा तिथे आहे. आमचा मुलगा जवळच साउथ बेंडला राहतो. तेव्हा बेत असा केला की २०२३ च्या फेब्रुवारीत पिकअप घेऊन त्याच्याकडे जायचं, धाकट्या नातीला मांडीवर खेळवायचं, मार्चमध्ये ट्रेलर ताब्यात घ्यायचा आणि पेसाहच्या आधी घरी यायचं. त्या वर्षी सेदेरची पहिली रात्र बुधवारी, ५ एप्रिलला होती. सेदेर आमच्याच घरी, माणसं २६. ह्यांनी तर एलियाहू हन्नाबीला नवससुद्धा केला होता की ट्रेलर सुखरूप दारात आला की मलिदा करीन.

आता वजनाची गोष्ट. ही नीट वाचा. विकणारा माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, "तुमची पिकअप ११,००० पौंड ओढते, ट्रेलर ७,४०० पौंडांचा. मग चिंता कसली?" पण ते ७,४०० म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, भांडी नाहीत, गाद्या-चादरी नाहीत. आणि गाडी किती ओढते एवढंच पुरत नाही, ती पाठीवर किती पेलते तेही बघावं लागतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी असते. माणसं आणि सामान मिळून किती पौंड भरता येईल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचा आकडा १,६४० होता. ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर जेवढा भार टाकतं, तोसुद्धा ह्याच आकड्यात धरायचा. हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

इस्पितळात पेशंटला औषध देताना त्याच्या वजनावरून डोस काढतात, आणि ते वजन अंदाजाने घेत नाहीत, काट्यावर घेतात. तसंच इथे करायचं ठरलं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ट्रकवाल्यांसाठी काटे असतात, थोडे डॉलर दिले की कोणीही वजन करू शकतो. आधी नुसती पिकअप, आम्ही दोघं आत बसलेले. मग ट्रेलर जोडून पुन्हा. दोन चिठ्ठ्यांची वजाबाकी केली की सगळं कळतं. आमचा ट्रेलर भरला ८,४२० पौंड, म्हणजे ३,८०० किलोच्या वर. नाकाचा भार १,१८० पौंड. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी झाला तर मागचं धूड डुलायला लागतं, जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. आमचा १४ टक्के, म्हणजे ठीक. पण त्यात आम्ही दोघं मिळून ३१० पौंड, जोडणीचं लोखंड १०० पौंड आणि पिकअपमध्ये ह्यांची हत्यारं नि जनरेटर १५० पौंड. बेरीज झाली १,७४०. मर्यादेपेक्षा पूर्ण शंभर पौंड जास्त!

हे म्हणाले, "शंभराने काय होतंय?" आम्ही म्हटलं, डोसमध्येही असंच म्हणायचं का? शेवटी हत्यारं आणि जनरेटर मुलाच्या गॅरेजमध्ये उतरवले. ट्रेलरच्या नाकातली जड भांड्यांची पेटी मागे, चाकांच्या बरोब्बर वर नेली. पाण्याची टाकी कोरडीच ठेवली. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंड होतात, हे लक्षात असू द्या.

टाकी कोरडी ठेवायला दुसरंही कारण होतं, थंडी. मार्चअखेर तिकडे दिवसा ऊन पडतं आणि रात्री पाणी गोठतं. नवा ट्रेलर हिवाळ्यात मिळतो तेव्हा त्याच्या नळांतून गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव्य भरलेलं असतं. ते काढून साधं पाणी भरलं आणि एका रात्रीत पारा खाली गेला, तर नळ फुटतात. म्हणून प्यायचं पाणी कॅनमध्ये, आणि संडासात ओतायलाही तेच गुलाबी पाणी. शिवाय उत्तरेकडची बरीचशी ट्रेलर-मैदानं एप्रिलच्या मध्याशिवाय, कधी मे उजाडल्याशिवाय उघडत नाहीत. रात्री थांबायचं कुठे, ते फोन करून आधीच ठरवावं लागतं. ओहायो टर्नपाइकच्या काही थांब्यांवर रात्री ट्रेलर लावायची सोय आहे, ती आम्ही नोंदवून ठेवली.

रस्ता असा आखला: इंडियाना टोल रोड, पुढे ओहायो टर्नपाइक, मग महामार्ग ८० ने सगळं पेनसिल्वेनिया ओलांडून घरी. एकूण साडेसहाशे मैलांच्या वर. ट्रेलरवाल्यांत एक नियम सांगतात, दिवसाला २०० मैल आणि दुपारी दोनपर्यंत मुक्कामी. तो आम्ही मान्य केला, म्हणजे तीन-चार दिवस. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांतल्या बऱ्याच टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते. म्हणून आम्ही साठ ठरवले. बाकीचे जाऊ देत पुढे. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं की तिथल्या पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे. पूलही ठेंगणे आहेत, आणि फोनमधल्या नकाशाला आपल्यामागे काय जोडलंय ते कळत नाही.

इथपर्यंत बेत छान होता. निघायचं होतं रविवारी, २६ मार्चला. पण दुकानदाराने ट्रेलर दिला मंगळवारी, २८ ला. तपासताना हीटर पेटेना, मागचा एक दिवा लागेना. ते दुरुस्त होईस्तोवर बुधवार. त्याच दुपारी काट्यावर जाऊन आलो. दहा मैल जाणं आणि दहा मैल येणं, एवढाच आमचा सराव. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी ट्रेलर ढकलला जाई आणि मग ओढला जाई. एकदा तर वाऱ्याच्या झोताने मागचं धूड डोललं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलेटरवरून पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरच्या ब्रेकची कळ हाताने दाबायची. ह्यांनी तसंच केलं, सगळं निभावलं. पण घरी आल्यावर चहाचा कप धरताना ह्यांचा हात थरथरत होता. ते बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही.

रात्री हवामान बघितलं. शुक्रवारी, ३१ मार्चला मिडवेस्टमध्ये जोराच्या वादळांचा इशारा होता आणि शनिवारी ओहायो-पेनसिल्वेनियात सोसाट्याचे वारे. हे म्हणाले, "गुरुवारी पहाटे निघू. दोन दिवसांत पुरं करू, शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आत घरी." म्हणजे दिवसाला सव्वातीनशे मैलांच्या वर, वय ७६, आणि सराव वीस मैलांचा! आमचं त्या रात्री चांगलंच वाजलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण असं भांडण क्वचितच झालं असेल. ह्यांचं म्हणणं, २६ माणसांना शब्द दिलाय, घर साफ करायचंय, खमीर काढायचंय, आणि नवस केलाय तो वेगळाच. आमचं म्हणणं, रात्रपाळीत अपघाताच्या वॉर्डात जे यायचे, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना कुठेतरी वेळेवर पोहोचायचं होतं. एक वर्षापूर्वीचीच गोष्ट काढली. २८ मार्च २०२२ ला पेनसिल्वेनियात महामार्ग ८१ वर अचानक बर्फाचा झोत आला, पुढचं दिसेनासं झालं आणि सुमारे ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. तेव्हाही मार्चअखेरच होती, वसंत ऋतूच होता.

मुलगा मान खाली घालून बसला होता. बापाला काय सांगणार? शेवटी सूनबाई आतून बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, सेदेरला माणसं लागतात. ट्रेलर कशाला लागतो?"

हे उठून गेले. अर्ध्या तासाने परत आले नि म्हणाले, "ट्रेलर राहू दे इथेच."

गुरुवारी ट्रेलर एका राखणीच्या आवारात नेऊन लावला. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर बातम्या पाहिल्या. शुक्रवारच्या वादळांत त्याच राज्यातल्या सलिव्हन गावाचं अतोनात नुकसान झालं होतं, माणसंही गेली होती. ट्रेलर आतून घरासारखा दिसतो, पण वादळात तो घराच्या कामाचा नाही. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी नुसती पिकअप घेऊन निघालो, रात्री पेनसिल्वेनियात मुक्काम केला आणि सोमवारी दुपारी घरी. शेजारणींनी हात लावला म्हणून साफसफाई झाली. सेदेर वेळेवर झाला, २६ च्या २६ माणसं हजर होती, खजुराचा शिरा थोडा पातळ झाला इतकंच.

मे महिन्यात पुन्हा गेलो. मुलाबरोबर रिकाम्या मैदानात दोन दिवस मागे घ्यायचा आणि वळवायचा सराव केला. रविवारी, ७ मेला निघालो. नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळावे लागतात. पहिल्याच थांब्यावर दोन सैल निघाले. निघताना दर वेळी एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने पुन्हा बघायचं: हुक, साखळ्या, दिवे, गॅस बंद, आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ती बारीक तार. पेनसिल्वेनियात क्लिअरफील्डजवळ महामार्ग ८० चा मिसिसिपीच्या पूर्वेकडचा सगळ्यात उंच भाग लागतो, २,२५० फूट, तशी पाटी आहे. तिथे चढावर ट्रकांच्या रांगेत हळूहळू गेलो. आजूबाजूला कोवळी पालवी होती. मार्चमध्ये तिथे काय असतं कोण जाणे, असं हे आपणहून म्हणाले.

बुधवारी दुपारी ट्रेलर आमच्या दारात उभा राहिला. संध्याकाळी त्याच्याच नव्या टेबलावर मलिद्याचं ताट मांडलं: गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, पाच फळं. लहानपणी आजीने अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेऊन खडकावरच्या हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवल्या होत्या, त्याची आठवण झाली. नवस पाच आठवडे उशिरा फेडला. एलियाहू हन्नाबी समजून घेतील, असं ह्यांचं मत आहे.

तर मंडळी, ट्रेलर जरूर घ्या, आमचा बघायला या. दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचा, काट्यावर वजन करा. आणि सणाच्या तारखेसाठी गाडी जोडू नका. सर्वांना सुखरूप प्रवास घडो. आमेन.