गाडी रुतते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी काही डोंगरदऱ्यांतून गाड्या उडवणारा साहसी माणूस नाही. आपल्यासारखाच चारचौघांतला मोटार चालवणारा. पण काही वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर माझी गाडी वाळूत रुतली. गाडीत आई होती, बायको होती आणि मुलं होती. समोर समुद्र होता. त्या दोन तासांत जे शिकलो आणि नंतर त्यापायी जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं, ते आज सांगणार आहे.

दुपारचे साडेचार वाजले होते. ओहोटी लागून गेलेली, त्यामुळे समोर डांबरी रस्त्यासारखी टणक, ओली वाळू पसरलेली. तिच्यावरून आम्ही मजेत पुढं गेलो. परत फिरताना एका ओहोळाच्या तोंडाशी गाडी जरा मंदावली. माझा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर पडला. इंजिन ओरडलं, पुढची चाकं गरगर फिरली आणि अर्ध्या मिनिटात गाडीचं पोट वाळूवर टेकलं.

मुलांना आधी गंमत वाटली. मी खाली उतरून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागलो. तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारेबुवा आले. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "तिथ कंची आज?" मला काही सांगता येईना. आई गाडीतून म्हणाली, "त्रयोदशी. उद्या गेला की पौर्णिमा." म्हातारेबुवांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "पावणेदहाला पुरी भरती. अंधार पडायच्या आत इथं पाणी येतंय."

हा हिशेब कोकणात पूर्वापार चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची. तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे त्रयोदशीला साधारण पावणेदहाला भरती पूर्ण होते. अष्टमीला सहाला. त्याच्या सव्वासहा तास आगेमागे ओहोटी. अर्धा-पाऊण तासाचा फरक धरून चालावं. पण किनाऱ्यावर उभं असताना एवढं कळलं तरी पुरे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी एरवीपेक्षा बरंच वर चढतं. आणखी एक गोष्ट, पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात ते रेंगाळतं, मधल्या दोन तासांत मात्र निम्मी भरती होऊन जाते. म्हणून माणूस फसतो. "अजून लांब आहे" म्हणता म्हणता ते चाकाशी येतं.

आता वाळूचं बघू. मघाशी टणक असलेली वाळू त्या ओहोळाशीच दगा का देते? कोरड्या वाळूचे कण एकमेकांवरून घरंगळतात, म्हणून माडांच्या बाजूची वरची वाळू भुसभुशीत. नुसत्या ओलसर वाळूत कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो कणांना जवळ ओढून धरतो. मुलांचे वाळूचे किल्ले उभे राहतात ते ह्याच पापुद्र्यावर. पण कणांमधली सगळी पोकळी पाण्यानं भरली की ही ओढ संपते. तिथं गाडीचं ओझं आलं आणि इंजिनचा थरथराट सुरू झाला, की वाळू दाट पेजेसारखी वागू लागते. ओहोळाचं तोंड, खाडीचा काठ, पाणी चकाकत असलेली जागा, ह्या तिन्ही ठिकाणी हेच होतं.

आणि चाक का फिरत राहतं? गाडीच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची योजना असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देण्यासाठी ती केलेली आहे. रस्त्यावर ती उत्तम. पण एका चाकाची पकड सुटली की ते फुकट गरगरतं आणि दुसऱ्यालाही जोर मिळेनासा होतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तेवढं ते चाक आपली कबर खोल खणतं. म्हणून चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं दिसताच पाय उचलायचा. त्या क्षणी थांबलं तर दहा मिनिटांचं काम असतं. मी अर्धा मिनिट उशीर केला, त्याचे दोन तास झाले. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली म्हणजे हे चुकतं असं मानू नये. माझ्या अनुभवात अशी गाडी रुततेच, फक्त आणखी आत जाऊन रुतते.

म्हातारेबुवांनी पहिली गोष्ट केली ती मला अजब वाटली. टायरची टोपी काढून एका काडीनं हवा सोडायला लागले. मी म्हटलं, "बाबा, पंक्चर करता का?" ते म्हणाले, "उंटाचा पाय बघितलात काय कधी?" कोकणातल्या माणसानं उंट कुठं पाहिला असेल कोण जाणे, पण मुद्दा बिनतोड होता. हवा कमी झाली की टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि तेवढंच ओझं जास्त जागेवर वाटलं जातं. रस्त्यावर आपण तीस-बत्तीस पौंड हवा ठेवतो. वाळूत ती पंधरा ते अठरापर्यंत उतरवली तर जादू वाटावी असा फरक पडतो. फार खाली गेलं, म्हणजे बाराच्याही आत, तर टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना गाडी अगदी हळू चालवायची आणि चाक एकदम वळवायचं नाही.

ही युक्ती शास्त्रशुद्ध रीतीनं वापरून दाखवणाऱ्यांत राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी होता. १९२० नंतरच्या दशकात रजा काढून तो आणि त्याचे मित्र इजिप्तमधून लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन जात. टायरची हवा कमी करायची, आणि तरीही रुतलं तर पोलादी पन्हाळी पट्ट्या चाकाखाली सरकवायच्या. ह्या पट्ट्या त्याला कैरोतल्या भंगारात मिळाल्या होत्या. पुढं १९४० मध्ये ह्याच अनुभवावर त्यानं वाळवंटात खोलवर फिरणारी लष्करी तुकडी उभारली, आणि १९४१ मध्ये वाऱ्यानं वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर त्याचा ग्रंथ निघाला. आज दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खाचदार पट्ट्या त्या भंगाराच्याच वंशातल्या.

आमच्याकडे पट्ट्या नव्हत्या. वाडीतून चार पोरं आली, एक फावडं आलं, माडाचे झाप आले. आधी गाडीचं पोट मोकळं केलं, कारण पोट टेकलेलं असताना चाकाला कितीही टेकू द्या, उपयोग नाही. मग चाकापुढं उतरती चर काढून झाप दाबले. आम्ही जॅक लावून पाहिला तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच वाळूत गेला. दीड फुटाची एक जाड फळी डिकीत असती तर हे झालं नसतं. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर अगदी अलगद, आणि मागून सहा जणांचा रेटा. गाडी निघाली तेव्हा पाणी ओहोळात शिरू लागलं होतं.

दोरानं ओढायची वेळ आली तर मात्र जपावं. लोखंडी साखळी किंवा तारेचा दोर ताणाखाली तुटला की चाबकासारखा उलटा येतो, त्यानं माणसं मेली आहेत. नायलॉनचा पट्टा ताणला जातो, धक्का गिळतो, म्हणून तो बरा. पण ट्रेलर जोडायच्या गोल गुंडीला तोही कधी बांधू नये. ती गुंडी उखडून तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. गाडीबरोबर मिळणारा ओढण्याचा हूक रस्त्यावर सावकाश ओढण्यासाठी असतो, हिसक्यासाठी नव्हे. दोरावर एखादी गोधडी टाकावी, तुटला तर त्याचा जोर खाली बसतो. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी मागं सारावं. आपल्याकडे हे काम सगळ्यात अवघड, कारण प्रत्येकाला जवळून सल्ला द्यायचा असतो.

देशावरच्या श्रोत्यांना वाटेल, आम्हाला समुद्र कुठला? तुमच्याकडे काळं रान आहे. पावसानं ही माती फुगते, लोण्यासारखी होते आणि टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत करून टाकते. इथं हवा सोडून थोडाच फायदा. खाचा काढून साफ करणं, चाकाखाली पऱ्हाट्या, गोणपाट, खडी घालणं हेच उपाय. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय शेतकऱ्याला ठाऊक आहे, वाफसा येईपर्यंत थांबणं. रात्र गाडीत काढावी लागली तर इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर चिखलात बुडाला असेल तर विषारी धूर आत शिरतो, आणि त्याला वास नसतो.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हे काहीच लागू नाही. तिथं गाडी घालायचीच नाही. वाहतं पाणी गाडी उचलतं, आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नये, आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि इंजिनचे दांडे वाकतात.

तेव्हापासून माझ्या डिकीत एक आखूड दांड्याचं फावडं, ती फळी, दोन गोणपाट, नायलॉनचा पट्टा, हवा मोजायचं गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप असतो. सोडलेली हवा परत भरल्याशिवाय रस्त्यावर वेगानं जाता येत नाही, हे पंप नसलेल्याला उशिरा कळतं. पाण्याचा कॅन आणि गूळ-शेंगदाणे बायको ठेवते. किनाऱ्यावर मात्र मी आता गाडी नेत नाही. बऱ्याच ठिकाणी तशी बंदी आहे, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत कासवांची अंडी असतात, हे मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं.

म्हातारेबुवांनी पैसे घेतले नाहीत. "घरी गेल्यावर गाडी खालनं गोड्या पाण्यानं धुवा, खारं पाणी पत्रा खातं," एवढं सांगून ते जाळं घेऊन ओहोळापलीकडे गेले. आम्ही त्यांच्या वाडीत रात्री नऊपर्यंत थांबलो, कारण चारही टायरमध्ये हवा भरायला सायकलचा पंप होता.