परसबागेतील बुटकी तुती

तुती म्हटली की आपल्याकडे प्रथम आठवण होते ती रेशमाची. रेशीमकिड्याचे अन्न म्हणून तुतीच्या पाल्याला मोल आहे आणि या उद्योगाच्या वाढीसाठी राज्यात १९९७ साली स्वतंत्र रेशीम संचालनालयही स्थापन झाले. तुतीच्या फळाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. याचे कारण फळाच्या नाजूकपणात आहे. पूर्ण पिकलेली तुती तोडल्यावर एक-दोन दिवसांतच रस गाळू लागते. त्यामुळे महाबळेश्वरसारखी काही ठिकाणे सोडल्यास ती बाजारात क्वचितच दिसते. ज्याच्या दारी तुती, त्याच्याच मुलांना ती पोटभर खावयास मिळते, असेच म्हणावे लागेल.

झाड लहान राहते ते कशामुळे?

वड, उंबर आणि फणस यांच्या कुळातील ही तुती मोकळ्या जमिनीत सहज मोठा वृक्ष होते. रोपवाटिकेत ‘बुटकी’ म्हणून मिळणाऱ्या काही जाती स्वभावतःच ठेंगण्या असतात. परंतु असे प्रत्येक रोप जन्मतः बुटके असतेच असे नाही. कुंडीतील मर्यादित जागा आणि नियमित छाटणी या दोन गोष्टींनी साधी तुतीही पुरुषभर उंचीची ठेवता येते. म्हणून केवळ नावावर भुलून रोपासाठी अधिक पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

लागवड

बियांपासून तुती लावू नये. तुतीमध्ये नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. बियांपासून झालेले रोप नर निघाल्यास वर्षानुवर्षे वाट पाहूनही फळ मिळत नाही. यास्तव ज्या झाडाची फळे प्रत्यक्ष चाखली असतील, त्याच झाडाचे बेणे घ्यावे. सहा ते आठ महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून ते पावसाळ्याच्या आरंभी ओलसर मातीत रोवावेत आणि एक डोळा वर ठेवावा. दोन आठवड्यांत पालवी फुटते. परंतु पालवी दिसली म्हणजे मुळे धरली, असे समजू नये. बेणे उपटून पाहण्याचा मोह टाळून दोन-तीन महिन्यांनंतरच रोप हलवावे.

कुंडी दीड फूट रुंद व तितकीच खोल असावी. दोन भाग पोयटा माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू हे मिश्रण तिला मानवते. तळाशी भोके असावीत आणि गच्चीवर ओल मुरू नये म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे.

छाटणीचे महत्त्व

नवशिक्यांचे झाड निष्फळ राहते ते बहुधा कात्रीच्या भीतीने. तुतीचे फळ नव्या फुटव्यांवर धरते. एक बहार संपताच फांद्या निम्म्यापर्यंत छाटून उरलेली पाने काढली व थोडे शेणखत दिले, की नव्या पालवीबरोबर फळांच्या कळ्याही दिसू लागतात. दर दोन वर्षांनी कुंडी बदलताना बाहेरची मुळेही थोडी छाटावीत.

निगा

उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी द्यावे. शेंड्याची पाने आखडून गोळा झाली, तर ते पिठ्या ढेकणाचे लक्षण समजावे. असे शेंडे कापून नष्ट करावेत. खावयाच्या फळांवर आणि किड्यांना घालावयाच्या पाल्यावर विषारी औषधे मारू नयेत. बुलबुल व साळुंक्या फळावर तुटून पडतात. त्यासाठी जाळी बांधावी, मात्र चार फळे त्यांच्यासाठीही ठेवावीत. कच्ची फळे पोटास बाधतात. गर्द काळी झालेली व हात लावताच सुटणारी फळेच तोडावीत. त्यांचे सरबत आणि मुरंबाही उत्तम होतो.

एक कुंडी, फुकट मिळणारे बेणे आणि थोडी नियमितता एवढ्या भांडवलावर शहरातील लहान घरातही फळझाड नांदू शकते. मुलांना त्याच पाल्यावर रेशीमकिडे पाळून दाखविता आले, तर फळाबरोबर रेशमाच्या धाग्याचा जन्मही त्यांना घरीच पाहावयास मिळेल.