गुरांची गाडी : नियम सहाचा, हिशेब पंधराचा

वर्सोव्यात सात बंगल्यापासून यारी रोडपर्यंत अनेक घरांत चहाला म्हशीचे सुटे दूध लागते. ते जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतून येते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण ती म्हैस कुठून येते? तबेल्यातली म्हैस मुंबईत जन्मलेली क्वचितच असते. मुऱ्हा म्हैस मूळची हरियाणातील रोहतक-हिसारकडची, मेहसाणा आणि जाफराबादी गुजरातची. १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी. मात्र परराज्यातून म्हशी आणण्याची रीत तशीच राहिली.

याचे कारण साधे आहे. शहरात जागा महाग, चारा महाग. व्यालेली म्हैस आणायची, दूध देते तोवर ठेवायची, आटली की विकायची आणि तिच्या जागी दुसरी आणायची. भाकड म्हैस पोसणे तबेलेवाल्याला परवडत नाही. म्हणून गाड्या येत राहतात. दिल्लीकडून मुंबईपर्यंतचा रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरचा. राजस्थान आणि गुजरात ओलांडून तलासरीजवळ महाराष्ट्राची हद्द लागते. एवढा प्रवास ते जनावर बहुतेक उभ्यानेच करते.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारचे पशुवाहतूक नियम १९७८ सालचे आहेत. मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे भरायची नाहीत. जनावर प्रवासाला धडधाकट असल्याचा पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला हवा. दाखला नसेल तर माल घेणाऱ्याने नकार दिला पाहिजे. वाटेत पुरेल इतका चारा, पाण्याची सोय, प्रथमोपचाराचे सामान आणि गुरे सांभाळणारा एक माणूस बरोबर हवा. पाय घसरू नयेत म्हणून फाळक्यावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या हव्यात. त्याच गाडीत दुसरा माल भरायचा नाही. १ जानेवारी २०१६ पासून मोटार वाहन नियमांनीही प्रत्येक जनावरासाठी वेगळा कप्पा सांगितला आहे. गाय-म्हशीसाठी तो २ चौरस मीटरचा.

मग एका ट्रकमध्ये बारा-पंधरा गुरे का कोंबली जातात? हिशेब करून पाहू. समजा, गाडीचे भाडे ६० हजार रुपये आहे. सहा म्हशी नेल्या तर म्हशीमागे १० हजार पडतात. पंधरा नेल्या तर ४ हजार. म्हणजे व्यापाऱ्याचे म्हशीमागे ६ हजार वाचले. आता दंड पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला १० ते ५० रुपये! शिक्षा वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. पन्नास रुपयांच्या धाकाने हजारोंचा फायदा कोण सोडील?

भरपाई कोण करतो?

वाचकहो, पहिली भरपाई मुके जनावर करते. गर्दीत एक म्हैस खाली बसली की दुसरीचे पाय तिच्या अंगावर पडतात. आणि दुसरी भरपाई करतो तो ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. गाडीत किती गुरे भरायची हे तो ठरवत नाही. पण नाक्यावर सापडतो तोच.

त्यातच रस्त्यावर नवी भीती आली आहे. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याची. २०१५ साली त्यात बैल आणि वळू आले, आणि कत्तलीसाठी त्यांची वाहतूकही गुन्हा ठरली. म्हैस या बंदीत नाही. पण रात्री गाडी अडवणारा जमाव गाय आणि म्हैस असा भेद करत बसत नाही, कागदही वाचत नाही. जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात गुरे व मांस नेण्यावरून झालेल्या मारहाणीच्या दोन घटनांत दोन माणसे मेली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले, ते आपण विसरलेलो नाही. गुन्हा झाला असेल तर त्याचा न्याय कोर्ट करील. जमावाला तो अधिकार नाही. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

आपल्या पोरांनी काय करावे?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले टेम्पो-ट्रकवर आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

एक, गुरांचे भाडे घेण्याआधी डॉक्टरचा दाखला, खरेदीची पावती आणि पाठवणारा-घेणारा यांची नावे-पत्ते मागा. त्यांच्या झेरॉक्स गाडीत आणि घरी, दोन्हीकडे ठेवा.

दोन, सातवे जनावर चढवू देऊ नका. मोजणी चढवतानाच करा.

तीन, २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गुन्ह्यातली गाडी तारण म्हणून अडकते, आणि पकडलेल्या गुरांच्या वाहतुकीचा, उपचाराचा, सांभाळाचा खर्च गाडीमालक, पाठवणारा, घेणारा, दलाल अशा सगळ्यांवर मिळून येतो. हे मालकाला आधीच सांगा. त्यालाही भीती वाटू द्या.

चार, जमावाने अडवले तर वाद घालू नका. ११२ ला फोन करा आणि पोलिसांनाच कागद दाखवा.

एकट्या ड्रायव्हरला मालकापुढे ‘नाही’ म्हणणे जड जाते. त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. पण एका नाक्यावरच्या दहा ड्रायव्हरांनी ठरवले की सहाच्या वर गुरे भरायची नाहीत, तर व्यापारी अकरावा कुठून आणील? असे झाले तर जनावराला उभे राहायला जागा मिळेल, आणि आपला पोरगाही सुखरूप घरी येईल. वस्तीतल्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.