पुस्तक निघाले, वाचकाला कोण सांगणार?

मराठीत पुस्तक छापणे आज जितके सोपे झाले आहे तितके ते पूर्वी कधीच नव्हते. खिळे जुळवणारा कंपोझिटर गेला, संगणक आला आणि शंभर-दोनशे प्रतींची आवृत्ती काढणेही शक्य झाले. छापलेले पुस्तक वाचकाच्या हाती पोचवणे मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना पूर्वीहून अधिक कठीण होऊन बसले आहे. पदरचे पैसे घालून वर्षाकाठी पाच-सात पुस्तके काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाची खरी अडचण छपाईची नाही. ज्याला ते पुस्तक हवे आहे त्याच्या कानी ते निघाल्याची वार्ताच जात नाही, ही त्याची अडचण आहे.

चांगले पुस्तक आपोआप खपते, असे यावर सांगितले जाते. हे ऐकायला गोड असले तरी मराठी प्रकाशनाचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. का. र. मित्रांनी 1895 मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली. वाचक हा शोधावा लागतो, जोपासावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. केशवराव कोठावळे यांनी 1964 मध्ये ‘ललित’ काढले ते केवळ पुस्तकांच्या जगाला वाहिलेले मासिक म्हणून. जयवंत दळवींचा ‘ठणठणपाळ’ वाचण्यासाठी अंक हाती घेणाऱ्याला नव्या पुस्तकांची खबर सहज मिळत असे. त्यात इतर प्रकाशकांच्या पुस्तकांनाही जागा होती. पुस्तकाचा वाचक कोणा एकाच्या मालकीचा नसतो, तो वाढला तर सर्वांचाच वाढतो, एवढा व्यवहार त्यामागे होता.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यास उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ने तर स्वतःला वाचक चळवळच म्हणवले. प्रकाशनापूर्वी सवलतीत नोंदणी आणि गावोगावची ग्रंथप्रदर्शने या मार्गांनी तिने वाचकांचे जाळे विणले. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) ही पुस्तके तिनेच काढली. त्यांचे मोठेपण अर्थातच त्यांच्या लेखनात होते. तथापि ज्या जगाचे हे अनुभव होते ते जग बहुसंख्य पांढरपेशा वाचकांना अपरिचित होते, आणि ती पुस्तके त्यांच्या दारी नेण्यात या जाळ्याचा वाटा नाकारता येणार नाही.

उलट उदाहरण म्हणून कोणी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’कडे बोट दाखवील. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (1977) आणि ‘भिजकी वही’ (2003) यांसारखी मोजकी पुस्तके त्यांनी काढली आणि ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. परंतु येथेही प्रसिद्धी नव्हती असे नाही. प्रकाशनाच्या नावावरचा विश्वास हीच ती प्रसिद्धी होती. असा विश्वास एका पुस्तकाने मिळत नाही. वर्षानुवर्षे निवडीची शिस्त पाळल्यावर तो मिळतो.

हिशेब काय सांगतो?

आता थोडा व्यवहार पाहू. तीनशे रुपये किमतीचे पुस्तक धरा. विक्रेता व वितरक यांचे चाळीस टक्के म्हणजे एकशेवीस रुपये गेले; लेखकाचे मानधन दहा टक्के, तीस रुपये; कागद, छपाई, बांधणीचे नव्वद धरले तर हाती साठ उरतात. पाचशे प्रतींची सारी आवृत्ती खपली तरी जमा होतात तीस हजार रुपये. टपाल, भेटप्रती, गोदाम आणि प्रसिद्धी हे सर्व त्यातच. वितरकाने आणखी दहा टक्के मागितले की साठाचे तीसच राहतात. मोठ्या दैनिकातील जाहिरात या प्रकाशकाला परवडणारी नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

असे असूनही या तुटपुंज्या शिलकीतला मोठा भाग प्रकाशन समारंभावर खर्च होतो. सभागृहाचे भाडे, शाल-श्रीफळ, चहापान आणि पुस्तक चाळण्यासही सवड न मिळालेले प्रमुख पाहुणे! समोर बसलेले असतात लेखकाचे आप्तेष्ट. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. त्याखाली पाहुण्यांची नावे असतात, पण पुस्तकाची पृष्ठसंख्या, किंमत आणि ते कोठे मिळेल याचा पत्ता नसतो. या सोहळ्याला प्रसिद्धी म्हणावे काय?

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे वाचकांची नावनिशीवार यादी. ज्याने एकदा पुस्तक विकत घेतले त्याचे नाव, पत्ता आणि आवड त्याच्या संमतीने जपून ठेवणारा प्रकाशक पुढच्या पुस्तकाच्या वेळी अंधारात चाचपडत नाही. दुसरे, पुस्तक निघण्यापूर्वी दोन महिने त्याचा नेटका परिचय आणि एक प्रकरण या वाचकांकडे जावे. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ धाडल्याने केवळ कंटाळा येतो. तिसरे, विषयाचा वाचक शोधावा. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह लोकसाहित्याच्या अभ्यासकांना कळवावा, विहिरींवरचे पुस्तक पाणलोटाचे काम करणाऱ्या गावांना. चौथे, दहा छोट्या प्रकाशकांनी मिळून एक सूचिपत्र काढावे आणि साहित्य संमेलनात किंवा 2023 पासून भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात एकत्र गाळा घ्यावा.

समाजाचा वाटा

परंतु सारा भार प्रकाशकावर टाकून इतरांना मोकळे होता येणार नाही. वृत्तपत्रांनी ‘साभार पोच’ची चार बोटे जागा तरी नियमाने राखावी. 1967 च्या कायद्यान्वये अनुदान मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ग्रंथखरेदी करताना सवलतीचा टक्का पाहण्याआधी पुस्तक पाहावे. टपाल खात्याने 18 डिसेंबर 2024 रोजी नोंदणीकृत बुकपोस्टाची जुनी सोय बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या तोंडचे पाणी पळाले. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर, अधिक कर, असे त्याचे दर ठरले. अशी सोय टिकणे हे अनुदानाहून कमी मोलाचे नाही. आणि वाचकाने? मित्राकडून आलेली पुस्तकाची फुकट पीडीएफ पुढे ढकलताना त्या साठ रुपयांचा हिशेब आठवावा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. त्याच मराठीतले एखादे सकस पुस्तक कोणाच्या तरी घरी, पलंगाखाली, गठ्ठ्यातच पडून आहे आणि त्याची वाट पाहणारा वाचक दोन तालुके पलीकडे आहे. या दोघांची गाठ घालून देणे म्हणजेच प्रसिद्धी. ते काम गौण समजणाऱ्या प्रकाशकाने पुस्तक छापले असे म्हणता येईल; प्रकाशित केले असे नव्हे.