विश्लेषण : मोठ्या, वेगळ्या आकाराच्या केकवर फाँडंटला चुण्या का पडतात?

पहिल्या वाढदिवसाला ‘१’ आकड्याचा केक, लग्नासाठी उंच केक किंवा हुबेहूब मोटारीसारखा दिसणारा केक, अशा ऑर्डर आता घरगुती केक करणाऱ्यांकडेही येतात. त्यावरचा गुळगुळीत थर फाँडंटचा असतो. लहान गोल केकवर सहज बसणारा हा थर मोठ्या केकवर मात्र कोपऱ्यात फाटतो, तळाशी चुण्या पडतात आणि माल वाया जातो. त्यामागे हातोटीपेक्षा साधी भूमिती आहे.

फाँडंट म्हणजे काय?
पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन किंवा वनस्पतिजन्य गम, ग्लिसरीन आणि थोडा स्निग्ध पदार्थ एकत्र मळून फाँडंट होते. ग्लिसरीनमुळे ते मऊ राहते, जिलेटिन वा गममुळे ताणले जाते. साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून ती केकवर पसरतात.

चुण्या कशामुळे पडतात?
१० इंच व्यासाचा, ४ इंच उंच केक घ्या. वरचे १० इंच आणि दोन्ही बाजूंचे चार-चार, म्हणजे १८ इंचांची पोळी हवी. कडा कापण्यासाठी दोन इंच जास्त धरून ती २० इंचांची लाटतात. १८ इंचांच्या पोळीचा घेर सुमारे ५६ इंच, तर केकच्या तळाचा घेर ३१ इंच. म्हणजे तब्बल २५ इंच जादा घेर जिरवायचा असतो. उकडीच्या मोदकात पारीचा असाच जादा घेर मुखऱ्यांत जातो. केकवर मुखऱ्या नको असतात, म्हणून वरून खाली हलक्या हाताने थापत तो जिरवावा लागतो. केकची उंची ८ इंच केली, तर पोळीचा घेर ८१ इंचांवर जातो आणि तळ मात्र तेवढाच राहतो.

मग उंच केक कसा झाकतात?
एकाच पोळीचा हट्ट सोडून. वरची गोल चकती वेगळी आणि बाजूची पट्टी वेगळी लाटतात. वरील केकसाठी ३२ इंच लांबीची पट्टी पुरते. ती लाटण्यावर गुंडाळून केकभोवती उलगडत नेतात आणि जोड मागच्या बाजूला ठेवतात.

वेगळ्या आकारांचे काय?
चौकोनी केकचे कोपरे आधी बसवावेत. लटकत्या पोळीचे वजन तिथेच पडते आणि ती फाटते. बदामाच्या आकारात वरची खाच आधी दाबून घ्यावी. ‘०’ किंवा ‘८’मधील पोकळीला आतून स्वतंत्र पट्टी लावतात. मोटार, गिटार अशा कोरीव केकसाठी कागदाचे साचे कापून तुकडे जोडतात. मोटारीचे दार, बॉनेट, काचेची कड या रेषा मुळातच असतात, त्यामुळे जोड तिथे लपतात.

पोळीला भेगा का पडतात?
मोठी पोळी लाटायला वेळ लागतो, तेवढ्यात तिचा पृष्ठभाग वाळतो. म्हणून ती दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटणे आणि उचलताना दुसऱ्याची मदत घेणे सोयीचे ठरते. बारीक भेगांवर थोडे वनस्पती तूप चोळतात. हवेचा फुगा राहिल्यास सुईने टोचून हवा काढतात.

दमट हवेत काय काळजी घ्यावी?
साखर ओलावा ओढून घेते. त्यामुळे मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यात फाँडंट चिकट होते. खालचा थर ओलसर व्हिप्ड क्रीमचा असेल तर ते विरघळू लागते. त्याऐवजी घट्ट गनाश बरे. त्यासाठी डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट, तर व्हाइट चॉकलेट तिप्पट घेतात. गनाश पूर्ण घट्ट झाल्यावरच पोळी घालावी. केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोका उघडू नये. नाहीतर थंड पृष्ठभागावर पाणी जमते.

ग्राहकाने काय विचारावे?
केक किलोवर विकला जातो आणि मोठ्या केकवर फाँडंटचेच वजन किलोभर होऊ शकते. त्यामुळे सांगितलेले वजन फाँडंटसह आहे की त्याशिवाय, आत क्रीम आहे की गनाश आणि फाँडंटमध्ये जिलेटिन आहे का, हे तीन प्रश्न ऑर्डर देतानाच विचारावेत. उत्तरे आधी मिळाली, तर केक कापताना वाद होत नाही.