उत्तरांची फाइल

सर्व्हरवर लिनक्स बसवायला घेतलं की यंत्र प्रश्न विचारायला लागतं. भाषा कोणती? कीबोर्ड कुठला? डिस्कचे भाग कसे पाडायचे, मुख्य पासवर्ड काय, कुठली पॅकेजेस हवीत? एका यंत्रापुरतं हे अर्ध्या तासाचं काम, मध्ये चहाही उरकतो. पण बडोद्याच्या मकरपुरा वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात एकाच दिवशी वीस सर्व्हर उतरले, तर तीच उत्तरं वीसदा द्यावी लागतात. माणूस सातव्या यंत्रापाशी कंटाळतो आणि अकराव्यापाशी चुकतो. चुकलेलं यंत्र दिसायला इतरांसारखंच असतं. त्याचं वेगळेपण कळतं ते पुढे कधीतरी, नेमकं नको त्या रात्री.

यावरचा तोडगा तसा जुना आहे. सगळी उत्तरं साध्या मजकुराच्या एका फाइलीत आधीच लिहून ठेवायची आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामच्या हातात ती द्यायची. सन कंपनीच्या सोलारिसवर नव्वदच्या दशकात याला जंपस्टार्ट म्हणत. रेड हॅटने त्याच धर्तीवर किकस्टार्ट आणलं. डेबियनमध्ये प्रीसीड आहे, सुसेमध्ये एक्सएमएलची ऑटोयास्ट. उबुंटू सर्व्हरने २०.०४ या आवृत्तीपासून यॅमलमध्ये लिहायची ऑटोइन्स्टॉल पद्धत स्वीकारली. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९च्या सुमारास याच कामासाठी ‘फाय’ नावाची प्रणाली सुरू केली. प्रत्येकाची लिपी वेगळी, काम एकच. इथे बोलायचं आहे ते मुख्यतः किकस्टार्टबद्दल, कारण आपल्याकडच्या कारखान्यांत, बँकांत आणि महाविद्यालयांत रेड हॅट आणि तिच्या भावंडांचा वावर मोठा.

नवा कोरा सर्व्हर सुरू होतो तेव्हा त्याच्या पोटात काहीच नसतं. नेटवर्क कार्डात मात्र पीएक्सई नावाची थोडी अक्कल भरलेली असते. ती जाळ्यावर हाक मारते. डीएचसीपी तिला पत्ता देतं आणि पुढची फाइल कुठे मिळेल ते सांगतं. टीएफटीपीवरून एक छोटा प्रोग्राम येतो, मग कर्नल येतं, आणि त्याच्या सोबतच्या एका ओळीत लिहिलेलं असतं की किकस्टार्ट अमुक पत्त्यावर आहे. इथून पुढे रेड हॅटचा ॲनाकोंडा हा इन्स्टॉलर ती फाइल ओळीओळीने वाचत जातो. माणूस तोवर जेवून आला तरी चालतं.

फाइल उघडून पाहिली तर पहिल्या ओळी अगदी गरीब वाटतात: भाषा, कीबोर्ड, घड्याळासाठी ‘एशिया/कोलकाता’. (जुन्या फाइलींत अजून ‘कॅलकटा’ सापडतं आणि तेही चालतं.) मग येते ‘क्लिअरपार्ट --ऑल’. अर्थ: दिसेल त्या प्रत्येक डिस्कवरची विभागणी पुसून टाक. यंत्र ‘नक्की का?’ असं विचारत नाही, कारण न विचारण्यासाठीच तर ही फाइल लिहिलेली असते. सर्व्हरला बाहेरची स्टोरेज पेटी जोडलेली राहिली असेल आणि अमुकच डिस्क वापर असं बजावणारी ‘इग्नोरडिस्क’ची ओळ लिहायची राहून गेली असेल, तर त्या पेटीतला डेटाही गेला. याचाच धाकटा भाऊ म्हणजे न संपणारं इन्स्टॉल. यंत्र आधी नेटवर्कवरून सुरू होतं, सगळं बसवतं, रीबूट होतं, पुन्हा नेटवर्कवरून सुरू होतं आणि पुन्हा सगळं पुसून बसवतं. म्हणूनच कॉबलर या व्यवस्थापन प्रणालीत ‘एकदाच बसव, मग स्वतःच्या डिस्कवरून चाल’ अशी खास सोय ठेवलेली आहे.

फाइल लिहिणं हे त्यामानाने सोपं काम. ॲनाकोंडा तर प्रत्येक इन्स्टॉलनंतर रूट या मुख्य वापरकर्त्याच्या घरात आपण काय काय केलं त्याची किकस्टार्ट प्रत ठेवूनच जातो. ती उचलायची, चार ओळी बदलायच्या, झालं. खरी कटकट सुरू होते ती पुढे, फाइल तिथेच राहते आणि भोवतालचं जग सरकतं तेव्हा. डिस्कचं नाव एकेकाळी ‘एचडीए’ होतं, मग ‘एसडीए’ झालं, आता एनव्हीएमई डिस्कचं नाव त्याहून निराळं. बरं, ‘एसडीए’ म्हणजे दर वेळी तीच डिस्क असंही नाही. पेनड्राइव्ह अडकवून ठेवला तर तो मान त्यालाही मिळू शकतो. नेटवर्क कार्ड वर्षानुवर्षं ‘ईटीएच०’ होतं. २०१४मध्ये रेड हॅट ७ आलं आणि ते ‘ईएनओ१’सारखं काहीतरी झालं. लॉगिनची मांडणी करणारी ‘ऑथकॉन्फिग’ ८व्या आवृत्तीत कालबाह्य ठरली, तिच्या जागी ‘ऑथसिलेक्ट’ आलं. पॅकेजांच्या यादीखाली ‘एंड’ लिहिलं नाही तरी पूर्वी चालून जायचं, आता नाही. ‘केएसव्हॅलिडेटर’ नावाचं हत्यार अशा व्याकरणाच्या चुका पकडून देतं. पण चुकीची डिस्क पुसली जाणार आहे, हे त्याला कसं कळावं? व्याकरण बिनचूकच असतं.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव भरला, नदी पस्तीस फुटांच्या वर गेली, वस्त्यांमध्ये पाणी शिरलं आणि मगरी रस्त्यावर आल्या. सर्व्हर आणि यूपीएस जड, म्हणून त्यांची खोली बऱ्याचदा तळमजल्यावरच केलेली असते. डेटाचा बॅकअप बहुतेकांकडे असतो, निदान असल्याचं सांगितलं तरी जातं. पण बॅकअप ओतायला आधी तसंच यंत्र उभं करावं लागतं, आणि त्यासाठी हाताशी असते ती किकस्टार्ट फाइल. आता तारखा पाहा. रेड हॅटच्या भावंडांपैकी सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला, म्हणजे पुराच्या दोनच महिने आधी. पॅकेजेस कुठून उतरवायची ते सांगणारा तिचा जुना मिररलिस्टचा पत्ता त्यानंतर बंद पडला आणि पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ या जुन्या संग्रहात गेली. ज्याच्या किकस्टार्टमध्ये तो जुना पत्ता होता, त्याची फाइल जूनपर्यंत ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये निकामी. तीत एक अक्षरही बदललेलं नव्हतं. आणि ती फाइल ज्या सर्व्हरवर ठेवली होती तोच पाण्याखाली गेला असेल, तर मग बोलायलाच नको.

म्हणून या फाइली सर्व्हरवर नव्हे, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवाव्यात आणि त्या गिटची एक प्रत शहराबाहेर असावी. गिटमुळे दुसरंही एक साधतं. अमुक ओळ कोणी, कधी आणि का घातली, हे तीन वर्षांनी विचारता येतं. वीस यंत्रांच्या वीस फाइली ही तर निव्वळ आफत. एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या एकोणीस फाइलींत करायची राहतेच. कॉबलरमध्ये यासाठी साचे असतात: सामाईक भाग एकदाच लिहायचा आणि यंत्राचं नाव, पत्ता, डिस्क एवढंच वेगळं भरायचं. हा कॉबलर रेड हॅटमध्ये असताना मायकेल डीहान यांनी लिहिला, आणि पुढे २०१२मध्ये, बसवलेल्या यंत्रांची मांडणी करणारं ॲन्सिबलही त्यांनीच आणलं. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. किकस्टार्टच्या शेवटी ‘पोस्ट’ नावाचा भाग असतो, त्यात इन्स्टॉलनंतरच्या हव्या त्या आज्ञा लिहिता येतात. तिथे प्रत्येक ॲडमिनचा हात सैल सुटतो. डेटाबेस बसव, वापरकर्ते घाल, फायरवॉल उघड, असं करत चारशे ओळी होतात. त्यातली दोनशेवी ओळ फसली तरी इन्स्टॉल बिनबोभाट पुढे सरकतं. ‘पोस्ट’मध्ये एवढंच असावं की यंत्राला एक किल्ली दे आणि पुढचं काम ॲन्सिबलवर सोपव.

पासवर्डचंही तसंच. फाइलीत तो सांकेतिक रूपात असला तरी फाइल साध्या एचटीटीपीवरून वाटली जाते, आणि त्या जाळ्यावर बसलेला कोणीही ती वाचू शकतो. तेव्हा तिथला पासवर्ड इन्स्टॉलपुरताच ठेवावा आणि लगेच बदलावा.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? एक यंत्र नीट बसवा आणि त्याच्या डिस्कची प्रत इतरांवर छापा. ते झपाट्याने होतं हे खरं. पण वर्षभराने त्या प्रतीत नेमकं काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. किकस्टार्ट निदान वाचता तरी येतं.

फाइल जिवंत आहे की नाही हे कळायचा मार्ग एकच, ती चालवून बघणं. दर आठवड्याला एक आभासी यंत्र कोरं करावं, त्यावर ती चालवावी आणि शेवटपर्यंत गेली की नाही ते लॉगमध्ये पाहावं. यातही एक खोच आहे. आभासी यंत्राची डिस्क बहुधा ‘व्हीडीए’ असते, रॅकमधल्या यंत्राची नसते. त्यामुळे फाइलीच्या, इन्स्टॉलआधी चालणाऱ्या ‘प्री’ भागात डिस्क शोधून काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. शिवाय डिस्क सांभाळणाऱ्या खऱ्या ‘रेड’ (RAID) कंट्रोलरच्या तक्रारी आभासी यंत्रावर कधीच उमटत नाहीत. म्हणून खरेदीच्या वेळी त्याच बनावटीचा एक जादा सर्व्हर मागून घ्यावा, निव्वळ पुसायला आणि पुन्हा बसवायला. हिशेब विभाग दर मार्चअखेर विचारेल की हा रिकामा का पडून आहे. त्यांना मागच्या आठवड्याचा लॉग दाखवावा.